हस्ताचा पाऊस, दसऱ्याचा झेंडू

ऋतू सहा, असं आपण शाळेत घोकलं खरं. पण शहरातल्या आम्हां बायकांच्या वाट्याला त्यांतले तीनच येतात. एक पापड-लोणच्यांचा, एक वाळत घातलेल्या कपड्यांमागे धावण्याचा आणि एक स्वेटर-मफलरींचा. मधल्या शरद ऋतूला आम्ही 'ऑक्टोबर हीट' असं नाव देऊन टाकलंय आणि पंखा वाढवून मोकळ्या झालोय. हा ऋतू येताना काय घेऊन येतो आणि कुणाचं काय नेतो, हे पाहायचं असेल तर दिवे घाट चढून सासवडच्या बाजूला जावं. पुण्याहून एस. टी.नं फार लांबचा प्रवास नाही. सकाळी स्वयंपाक उरकून निघालेली बाई दिवेलागणीला घरी परत येऊ शकते.

२०२५ च्या नवरात्रात, २७ सप्टेंबरला, मी आणि माझी धाकटी जाऊ अशा दोघी गेलो होतो. सहावी माळ होती. आमच्या सोसायटीत दर हंगामाला सीताफळं घेऊन येणाऱ्या एक मावशी आहेत. दोन वर्षं त्यांनी टुमणं लावलं होतं, "एकडाव झेंडू फुलल्यावर या की ताई. फोटू काढा, फुलं न्या." शनिवार होता, ह्यांना सुट्टी होती (म्हणजे घटापुढच्या दिव्यात तेल घालायला घरी माणूस होतं!), तेव्हा म्हटलं, आता नाही तर कधी?

घाटाच्या चढणीवरून खाली मस्तानी तलाव दिसतो. ज्येष्ठाच्या वद्य पक्षात ह्याच वाटेनं ज्ञानेश्वर महाराजांची पालखी वर चढते, त्याचे फोटो आपण दरवर्षी वर्तमानपत्रात पाहतो. पण मला विचाराल तर घाट खरा नटतो तो आश्विनात. गवत कमरेएवढं झालेलं, त्याला तुरे आलेले, मधूनच कारळ्याच्या फुलांचे पिवळेधमक पट्टे. वर पोचलं की हवा वेगळीच लागते. पुरंदर तालुका हा पर्जन्यछायेतला मुलूख. सह्याद्रीवर पाऊस आपली घागर रिती करतो आणि तळाशी उरलेलं इथं शिंपडतो. म्हणून इथं बागा दिसतात त्या थोडक्या पाण्यावर भागवणाऱ्या झाडांच्या, सीताफळाच्या आणि अंजिराच्या. मधल्या मोकळ्या रानात वाटाणा, शेवंती, झेंडू.

सासवडला सोपानदेवांची समाधी आहे, कऱ्हा आणि चांबळी ह्या नद्यांच्या संगमावर संगमेश्वराचं देखणं देऊळ आहे, आचार्य अत्र्यांचं कोढीतही जवळच. त्यासाठी सवडीनं वेगळा दिवस काढावा. आम्ही बाजारात सीताफळांच्या क्रेट्सच्या भिंती तेवढ्या पाहिल्या. इथं मिळालेली एक गोष्ट मात्र सांगून ठेवते. सीताफळ घेताना नुसतं दाबून पाहू नये. त्याचे डोळे उघडलेले, म्हणजे दोन खवल्यांमधली फट पांढुरकी-पिवळी झालेली असली तर ते झाडावर पुरतं भरलं असं समजावं. डोळे मिटलेलं फळ तांदळाच्या डब्यात आठवडाभर ठेवलंत तरी गोडीला कमीच राहतं.

मावशींचं रान सासवडपासून सात-आठ किलोमीटरांवर. रिक्षातून उतरलो आणि जाऊबाई एकदम "अगंबाई!" म्हणून उभीच राहिली. अर्धा एकर झेंडू, नुसता केशरी. वर आभाळ भरून आलेलं, काळंकरडं, त्यामुळे तो रंग आणखीच पेटल्यासारखा दिसत होता. आम्ही दोघी हरखलो, पण बांधावर बसलेल्या चौघी बायकांचं फुलांकडे लक्षच नव्हतं. त्या वर पाहत होत्या.

मावशी, त्यांच्या सासूबाई (त्यांना सगळं गाव आजी म्हणतं) आणि शेजारच्या रानातल्या दोघीजणी. मावशींची कॉलेजात जाणारी मुलगी विहिरीकडून चहाची किटली घेऊन आली आणि गप्पा सुरू झाल्या. बागाईत करणाऱ्या बायकांच्या गप्पा हवेपासून सुरू होतात. आपल्याकडे 'काय म्हणतेय हवा?' हे नुसतं बोलायचं म्हणून बोलतात, इथं त्यावर चूल अवलंबून असते.

"काय सांगू ताई," मावशी म्हणाल्या, "आवंदा मे म्हैन्यात जो पाऊस आलाय, त्यो जायचं नावच घेत न्हाई. घरजावई झालाय निस्ता."

खरंच होतं ते. त्या वर्षी २५ मेलाच मोसमी पाऊस महाराष्ट्रात शिरला आणि दुसऱ्या दिवशी मुंबईत पोचला. मुंबईत तो इतक्या लवकर आल्याची नोंदच नव्हती. सप्टेंबरच्या शेवटच्या पंधरवड्यात तर मराठवाड्यात आणि सोलापूरकडे पुरानं उभी पिकं वाहून नेली. आणि जाण्याच्या वेळेचं म्हणाल तर ती आताशा लांबलीच आहे. मुंबईतून पाऊस २९ सप्टेंबरला निघतो असं पूर्वी धरत. २०२० साली हवामान खात्यानं सरासरीच्या तारखा नव्यानं मांडल्या, त्यात ही तारीख ८ ऑक्टोबर झाली.

आजींना ह्या तारखांशी कर्तव्य नव्हतं. त्यांचं गणित नक्षत्रांचं. "आज हत्ती लागला," त्या म्हणाल्या. हस्त नक्षत्राला गावाकडे हत्तीच म्हणतात. साधारण २७ सप्टेंबरला सूर्य हस्तात जातो, तो १० ऑक्टोबरच्या सुमारास चित्रात जाईपर्यंत जो पाऊस पडेल तो हत्तीचा. सोंडेनं ओतावा तसा पडतो, मातीच्या भिंती बसवतो. "पर शाळूला त्योच लागतो. हत्ती न्हाई पडला, तर जवारी पेरायची कशात?"

"शाळूला सोनं, पर झेंडूचा कुजवा," शेजारीण म्हणाली.

तिढा आहे तो एवढाच. एकाच बांधाच्या अलीकडच्या बाईला पाऊस हवा असतो आणि पलीकडचीला नको. मावशींच्या घरी तर दोन्ही होतं. थोरल्या तुकड्यात शाळू पेरायचा होता, धाकट्यात झेंडू उभा. देवाला काय मागायचं, असं मी हसत हसत विचारलं, तर मावशी म्हणाल्या, "म्या मागतच न्हाई. दिवा लावते आन् गप बसते."

आता दसऱ्याचा झेंडू म्हणजे काय प्रकार आहे, तो मला त्या दिवशी कळला. आपण बाजारात जाऊन पिशवीभर आणतो, दाराला तोरण, गाडीला हार, शिवणयंत्राला दोन फुलं, की झालं. पण ते फूल नेमकं त्याच दिवशी उमलायला हवं ना! रोप लावल्यापासून साठ-पासष्ट दिवसांनी झेंडूचा बहर भरात येतो. म्हणजे दसऱ्याच्या तारखेपासून उलटं मोजत जायचं आणि लावणीचा दिवस काढायचा. त्यातून दसरा काही एका तारखेला बसत नाही. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता, दसरा २४ ऑक्टोबरला आला. २०२४ मध्ये १२ ऑक्टोबरला. २०२५ मध्ये थेट २ ऑक्टोबरला. अधिक महिना म्हणजे आपल्याकडे जावयाला अनारसे आणि चांदीचं निरांजन. ह्यांच्याकडे रोपवाटिकेत ट्रे सांगायची तारीख. दसरा उशिरा आला तर फुलं निदान उन्हात उमलतात. लवकर आला तर ती हत्तीच्या पायाखालीच सापडतात.

आणि भिजलेल्या फुलाला भाव नाही. ओलं फूल क्रेटमध्ये तापतं, रात्रीतून काळं पडतं, व्यापारी वजनात पाणी धरून किंमत पाडतो. शिवाय सगळ्यांचाच माल एकदम आला तर वेगळीच गत. "एका वर्षी तोडणीची मजुरीबी निघंना," शेजारीण म्हणाली, "आम्ही फुलं रस्त्याच्या कडंला वतून घरी आलो. दाराला तोरण बांधायचीबी इच्छा झाली न्हाई." हे ती हसून बोलली, पण मला मात्र दसऱ्याच्या संध्याकाळी पुण्याच्या फुटपाथवर उरलेले फुलांचे ढीग आठवले. दुसऱ्या दिवशी आपण त्यांच्यावरून चालत भाजी आणायला जातो.

मावशींच्या ह्या अर्ध्या एकरावर मुलीची कॉलेजची फी ठरलेली होती. मुलीनं ते आमच्यासमोर सांगितलेलं तिला आवडलं नाही. चहाचे कप उचलून ती लगेच उठली.

आता गप्पा लहानपणाकडे वळल्या, त्या आजींमुळे. हत्ती लागला म्हटल्यावर माझ्या तोंडून निघालं, "म्हणजे भोंडला!" पुण्याच्या वाड्यात आम्ही पाटावर हत्ती काढायचो, तो मधे ठेवून भोवती फेर धरायचो. नवरात्राचे नऊ दिवस रोज कुणा ना कुणाच्या अंगणात. गाणी संपली की मुलींचा सारा जीव खिरापतीत. डबा वाजवून दाखवायचा आणि ओळखायला लावायचं, गोड की तिखट, कोरडं की ओलं. जिची खिरापत कुणालाच ओळखता येत नसे, तिच्या आईचा मान त्या दिवशी आळीत वाढायचा.

"आमच्याकडे हादगा," आजी म्हणाल्या. त्यांचा हादगा सोळा दिवसांचा. भिंतीवर हत्तीचं चित्र, त्याला फळांच्या नि भाज्यांच्या माळा. पहिल्या दिवशी एक गाणं, दुसऱ्या दिवशी दोन, असं करत सोळाव्या दिवशी सोळा. खिरापतीही तशाच वाढत्या. रानात त्या दिवसांत जे जे पिकलंय, ते सगळं त्या माळेत आलं पाहिजे अशी चढाओढ. पडवळ, दोडका, काकडी, कारलं, हिरवी चिंच, कवंडळ. सोळा दिवसांत गावातल्या पोरी सगळ्यांचे बांध पालथे घालायच्या.

जाऊबाई जळगावची. ती म्हणाली, "तुम्ही दोघी गप्प बसा. आमची भुलाबाई महिनाभर असते." भाद्रपदातल्या पौर्णिमेला भुलाबाई आणि भुलोजींच्या मातीच्या मूर्ती बसवायच्या, त्या कोजागिरीपर्यंत. रोज संध्याकाळी टिपऱ्या, गाणी आणि खाऊ. तो ओळखायची चढाओढ खानदेशातही अशीच. भुलाबाई म्हणजे माहेरपणाला आलेली पार्वती, असं तिची आई सांगायची. घाटावर, खानदेशात, वऱ्हाडात नावं वेगळी, दिवस वेगळे, पण सासर-माहेरची गाऱ्हाणी सगळीकडे तीच. आम्हां तिघींची गाणी एकमेकींत इतकी मिसळली की कोणती कुणाची हे ठरेना. आजींचा आवाज अजून खणखणीत आहे.

"बहात्तर-त्र्याहत्तरच्या दुष्काळात कसा घातला असेल हो हादगा?" असं मी सहज विचारलं. आजी तेव्हा दहा-अकरा वर्षांच्या. त्या जराशा थांबल्या. मग म्हणाल्या, "घातला की. सकाळी आयसंगं खडी फोडायला जायाचं, सांजच्याला हादगा. माळंला वेलीवर काय न्हवतंच. येलच न्हवते, तर भोपळा कुठनं? चिंचेचा पाला वाळल्याला, त्योच बांधला. खापराच्या तुकड्यांना भोकं पाडून ववली. हत्तीच्या पायाशी पाणी ठिवायचं असतंय, तेबी वाटीभरच ठिवलं आन् मागनं शेरडाला पाजलं."

"आणि खिरापत?"

"सुकडी. दुष्काळी कामावर वाटायचे ना, ती. समद्या घरनं तीच. वळखायला कुणाला येळच लागला न्हाई." आणि स्वतःच हसत सुटल्या. आम्हांला मात्र हसू येईना.

"पाऊस यावा म्हणूनच हत्ती पुजायचा ना हो?" जाऊबाईंनी विचारलं.

"तर मग! आता यवढा येतोय, म्हणून पुजायचा सोडायचा का?"

ह्या प्रश्नाला आम्हांपैकी कुणाकडे उत्तर नव्हतं. मावशींच्या मुलीनं तेवढ्यात मधेच सांगितलं, की त्यांच्या शाळेत हादगा एकच दिवस असायचा. साडी नेसून जायचं, बाईंनी मोबाईलवर गाणी लावायची, फेर धरायचा आणि त्याचा व्हिडिओ काढायचा. आजींनी त्यावर नाक मुरडलं नाही, हे मला विशेष वाटलं. "एक दिस तर एक दिस. फेर धरायला हात लागत्यात, त्ये हायती अजून," एवढंच म्हणाल्या. मला स्वतःला मात्र गाणी यंत्रावर लावलेली रुचत नाहीत. बेसूर का होईना, गळ्यातूनच यायला हवीत.

मग आजी आम्हांला घट दाखवायला घरात घेऊन गेल्या. आपण फ्लॅटमध्ये कुंडीतली माती पत्रावळीवर पसरतो, वाण्याकडचे गहू पेरतो. त्यांची माती त्यांच्या प्रत्येक तुकड्यातली, मूठमूठ. त्यात ज्वारी, गहू, हरभरा, करडई, जवस असं घरातलंच बियाणं. वर कारळ्याच्या फुलांच्या सहा माळा. त्यांनी बोटानं दाखवलं, "हरबरा बघा कसा टरारलाय. करडी मातूर निम्मीबी उगवली न्हाई. बी पोचट हाय." म्हणजे ही घरची बियाणं-परीक्षाच की! दसऱ्याला घट उठेपर्यंत शेतकऱ्याच्या घरात कळलेलं असतं, की रब्बीला कोणतं घरचं बी चालेल आणि कोणतं बाजारातून आणावं लागेल. मी इतकी वर्षं घट बसवते, माझ्या सासूबाईंनी मला दिव्याची, माळेची, नैवेद्याची सगळी शिस्त लावली. पण हे त्यांनाही कुणी सांगितलेलं नसावं. शेत सुटलं की असा धागा तुटतो.

परसात हादग्याचं झाड होतं. ह्याच दिवसांत ते फुलतं, पांढऱ्या चंद्रकोरीसारखी फुलं. त्याला अगस्ताही म्हणतात. अगस्तीचा तारा उगवला की पाऊस ओसरायला लागतो आणि नद्यांचं पाणी निवळतं, असं जुनी माणसं म्हणत. फुलांची भाजी चांगली होते. फक्त आतला केसर काढून टाकावा, तो कडू असतो. मग फुलं चिरून, कांदा, हिरवी मिरची आणि मुगाची भिजवलेली डाळ घालून परतावी. झाकण फार वेळ ठेवू नये, फुलं गळून जातात.

निघता निघता बोलणं सीताफळाच्या बागेवर आलं आणि आजी एकदम गप्प झाल्या. २०१६ साली पुरंदरात विमानतळ करायचं जाहीर झालं, त्यात सात गावांची जमीन धरली होती. त्यांतलं एक गाव आजींचं माहेर. "भावाची बाग हाय तिथं. आमच्या बाच्या हातची झाडं," त्या म्हणाल्या. मग कुणीच काही बोललं नाही आणि मावशींनी विषय बदलून आमच्या पिशव्या फुलांनी भरायला घेतल्या.

ही फुलं घरी आणताना त्यांनी एक युक्ती सांगितली, ती तुम्हांला देते. दसऱ्याचं तोरण सुकलं की फेकू नये. फुलं सावलीत पुरती वाळवावी. पाकळ्यांच्या बुडाशी काळ्या काड्यांसारखं दिसतं ते बी. कुंडीत अर्धा इंच खोल पेरलं की आठवड्याभरात उगवतं. बाजारातलं फूल बहुतेक संकरित असतं, तेव्हा तुमचं फूल लहान येईल, रंगही थोडा वेगळा येईल, त्याचं वाईट वाटून घेऊ नये. टोमॅटो, वांगी लावली असतील तर त्यांच्या शेजारी झेंडू जरूर लावावा. मुळांना गाठी आणणाऱ्या सूत्रकृमींना तो आळा घालतो. बागाईतदार टोमॅटोच्या कडेनं झेंडू लावतात, ते काही शोभेसाठी नव्हे.

आम्ही रिक्षात बसतो न बसतो तोच पहिली सर आली. मागे वळून पाहिलं तर मावशी आणि मुलगी प्लॅस्टिकचा कागद घेऊन तोडलेल्या फुलांच्या ढिगाकडे पळत होत्या. आजी पडवीत उभ्या राहून पावसाकडे पाहत होत्या. शाळूसाठी त्यांना तो हवाच होता.

खंडेनवमीच्या संध्याकाळी मी फोन केला. पाऊस सोमवारी दुपारी थांबला होता. मंगळवारी पहाटे चारला बॅटरीच्या उजेडात तोडणी केली. निम्मी फुलं ओलीच निघाली, ती घरात, पडवीत, देवघरापुढे, अगदी मुलीच्या पलंगाखालीसुद्धा पसरून दोन पंखे लावून रात्रभर वाळवली. "घटापुढं पाय ठिवायला जागा न्हवती," मावशी म्हणाल्या. कोरड्या मालाला चांगला भाव मिळाला, कारण पावसानं सगळीकडचीच फुलं गेली होती. ओला माल पडेल त्या किमतीला दिला.

"आणि फी?"

"निम्मी भरली. निम्मी शिताफळावर."

मागून आजींचा आवाज येत होता. पुढच्या वर्षी अधिक ज्येष्ठ आहे, दसरा २० ऑक्टोबरला येतोय, हत्ती तोवर निघून गेलेला असेल, म्हणून रोपं ऑगस्टच्या मध्यावर लावायची, असं त्या सुनेला बजावत होत्या. मावशींनी फोन तसाच धरून ठेवत विचारलं, "आजी म्हणत्यात, त्या जळगावच्या ताईंना ईचारा, भुलाबाईचं त्ये टिपऱ्यांचं गाणं लिवून धाडत्याल का?"